खोगिरावरची उशी

१८७१ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या मोंटाना प्रदेशातून घोडे, खेचरे आणि सामानाच्या गाड्यांचा एक तांडा दक्षिणेकडे निघाला होता. सरकारी भूशास्त्रीय पाहणीची ती मोहीम होती. तीत दगड तपासणारे होते, झाडपाला गोळा करणारे होते, नकाशे काढणारे, शिकारी, स्वयंपाकी, असे सगळे रानात मुरलेले गडी होते. त्यांच्यात एकच माणूस विजोड दिसत होता. वय चौतीस, अंगाने हाडकुळा, दाढी राखलेला, आणि शहरी. हा गृहस्थ उभ्या आयुष्यात घोड्यावर बसलेला नव्हता. पहिल्याच काही दिवसांत त्याची हाडे अशी बोलू लागली, की त्याने सरळ खोगिरावर एक उशी ठेवली आणि तिच्यावर बसून पुढची मजल गाठली. बरोबरच्या मंडळींची त्या दिवशी चांगलीच करमणूक झाली असणार.

थॉमस मोरान हे त्याचे नाव. अमेरिकेच्या निसर्गचित्रकलेत हे नाव फार मोठे आहे. आपल्याकडे ते क्वचित कानावर पडते. जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून ज्या यलोस्टोनचा उल्लेख होतो, ते उभे राहण्यात या उशीवाल्या चितार्‍याचा हात होता, एवढे साधारणपणे सांगितले जाते आणि गोष्ट तिथेच संपवली जाते. मला मात्र ती तिथे संपल्यासारखी वाटत नाही. चित्राने काय वाचवले, याबरोबरच चित्रात जे आले नाही त्याचे काय झाले, हेही मला पाहावेसे वाटते.

मोरान जन्माने अमेरिकन नव्हता. १२ फेब्रुवारी १८३७ रोजी इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात, बोल्टन या गावी तो जन्मला. घर हातमागावरच्या विणकरांचे. लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्याकडच्या विणकरांच्या मागांवर धूळ बसवली, हे आपण शाळेपासून शिकत आलो. पण त्याच वाफेच्या मागांनी आधी घरच्याच विणकरांना देशोधडीला लावले, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. मोरानचे वडील अशांपैकीच. ते पोट हातावर घेऊन समुद्रापार गेले आणि १८४४ साली बायकामुले त्यांच्यामागून फिलाडेल्फियाच्या परिसरात आली. गंमत अशी, की या विणकराच्या पोरांनी धागा सोडून चित्र धरले. थोरला एडवर्ड समुद्राची चित्रे काढू लागला, पीटर जनावरांची, जॉन छायाचित्रकार झाला. थॉमस सोळाव्या वर्षी लाकडी ठसे कोरणार्‍या एका पेढीत उमेदवारीला लागला. त्या काळी मासिकात चित्र छापायचे, तर ते आधी कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर उलटे कोरावे लागे. पोराचे लक्ष कोरण्यापेक्षा ठोकळ्यावर चित्र काढण्यातच असायचे. उमेदवारीची मुदत त्याने पुरी केली नाही. पण काळ्या-पांढर्‍यात उजेड कसा पकडायचा, हे तिथे त्याच्या बोटांत उतरले.

मग टर्नर. इंग्लंडच्या या थोर निसर्गचित्रकाराच्या चित्रांनी त्याला असे झपाटले, की १८६२ साली दोघे भाऊ लंडनला गेले आणि थॉमसने तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात बसून टर्नरच्या नकला केल्या. एवढ्यावर तो थांबला नाही. टर्नरने जी ठिकाणे रंगवली, ती प्रत्यक्ष पाहायला तो गेला. तिथे त्याला दिसले, की उस्तादाने टेकड्या सरकवल्या आहेत, उंची वाढवली आहे, नको ते गाळले आहे आणि तरी ती जागा चित्रात ओळखू येते. पुढे जन्मभर पुरेल असा धडा त्याला त्या भटकंतीत मिळाला. परत आल्यावर मेरी निम्मो या स्कॉटिश मुलीशी त्याचे लग्न झाले. तिला रेखाटन त्यानेच शिकवले, आणि धातूच्या पत्र्यावरच्या कोरीव चित्रांत तिने पुढे स्वतःचे नाव केले.

आता यलोस्टोनकडे वळू. वायव्य अमेरिकेच्या डोंगरांतल्या या मुलखाविषयी साठेक वर्षे अफवाच ऐकू येत. जॉन कोल्टर, जिम ब्रिजर यांच्यासारखे रानोमाळ भटकणारे फासेपारधी सांगत, की तिथे जमिनीतून उकळत्या पाण्याचे खांब उठतात, चिखल रटरटतो, डोंगर धुमसतात. ऐकणारे हसत. ब्रिजर तर थापाड्या म्हणूनच प्रसिद्ध होता. १८६९ साली काही स्थानिक मंडळी तिकडे जाऊन आली आणि त्यांनी हकीकत लिहून काढली, तर तीही बेभरवशाची म्हणून नाकारण्यात आली. खरे बोलूनही खोटे ठरण्याची पाळी त्या दरीवर आली होती.

१८७० साली आणखी एक तुकडी गेली. तिच्यातल्या नॅथॅनियल लँगफर्डचा लेख स्क्रिब्नर्स मासिकाने घेतला. पण चित्रांचे काय? तुकडीतल्या दोघांनी काढलेली ओबडधोबड रेखाटने होती. ती सुधारून छापण्याजोगी करण्याचे काम मोरानकडे आले. हजारो मैल दूर बसून, कधी न पाहिलेल्या कारंज्यांची आणि धबधब्यांची चित्रे त्याने पोटासाठी काढून दिली. ती पाहिली तर हसू येते. पण माणसाला काम टोचत राहिले असावे. ती जागा आपण स्वतः पाहिलीच पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले.

पैसे कुठे होते? पाचशे डॉलर मासिकवाल्यांकडून उसने घेतले, त्यासाठी स्वतःचे एक तैलचित्र तारण ठेवले. आणखी पाचशे जे कुक या सावकाराकडून आले. हा कुक म्हणजे नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचा पैसेवाला. यलोस्टोनच्या उत्तरेकडून त्याला लोहमार्ग न्यायचा होता. त्या मार्गाने उतारू यावेत, रोखे खपावेत, यासाठी त्याला त्या मुलखाची मोहक चित्रे हवी होती. कुकच्या कचेरीनेच मोहिमेचे प्रमुख डॉ. फर्डिनंड हेडन यांना पत्र घालून चितार्‍याला बरोबर घेण्याची गळ घातली. हे मी मुद्दाम सांगतो. निसर्गरक्षणाच्या गोष्टी सांगताना आपण सगळ्यांना ऋषिमुनी करून टाकतो. इथे चितार्‍याला विषय हवा होता, रेल्वेला गिर्‍हाईक हवे होते आणि हेडनना पुढच्या वर्षीच्या सरकारी अनुदानाची काळजी होती. रान वाचवायला निघालेला असा त्या तांड्यात कोणीच नव्हता.

मोरान रेल्वेने युटापर्यंत आणि तिथून कित्येक दिवस घोडागाडीत हाडे खिळखिळी करून घेत मोहिमेला जाऊन मिळाला. तिथे त्याला सोबती भेटला विल्यम हेन्री जॅक्सन, हा मोहिमेचा छायाचित्रकार, वय अठ्ठावीस. उशीची गोष्ट आपल्याला कळते ती याच्याचमुळे. जॅक्सन निरोगी हाडाचा, तो नव्व्याण्णव वर्षे जगला आणि आपल्या आठवणींचे पुस्तक त्याने १९४० साली प्रसिद्ध केले.

जॅक्सनचे काम आज कल्पना करवणार नाही इतके कष्टाचे होते. फिल्म नव्हतीच. मोठाली काच घ्यायची, काळोख्या तंबूत तिच्यावर रसायनाचा चिकट थर द्यायचा, चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेर्‍यात घालून चित्र घ्यायचे आणि थर वाळायच्या आत परत तंबूत नेऊन धुवायची. हे सगळे सामान खेचराच्या पाठीवर. खेचर कड्यावरून घसरले, की महिन्याची मेहनत संपली. मोरान या खटाटोपात त्याच्या मदतीला असे. कॅमेरा कुठे लावावा, कुठून दरी खुलून दिसेल, हे दोघे मिळून ठरवत. काही छायाचित्रांत तर चुनखडीच्या पांढर्‍या पायर्‍यांवर मोरान स्वतः उभा आहे. माणूस शेजारी असला म्हणजे दगडाची उंची कळते, म्हणून.

मोरानचे स्वतःचे सामान मात्र सुटसुटीत होते. पेन्सिल, जलरंग, वह्या. तो झपझप रेखाटन करी, कुठे पातळ रंगाचा एखादा हात फिरवी, आणि बाकीच्या जागी रंगांची नावे पेन्सिलीने लिहून ठेवी. वाणसामानाच्या यादीसारखा हा रोकडा प्रकार. उरलेले सगळे डोक्यात साठवायचे. मॅमथ येथे उन्हाळ्यांच्या पाण्याने थरावर थर चढून झालेल्या पायर्‍या त्याने केल्या, मनोर्‍यांसारख्या सुळक्यांमधून कोसळणारा टॉवर धबधबा केला. आणि मग तांडा यलोस्टोन नदीच्या महादरीपाशी आला.

इथे त्याचे हात टेकले. नदी जवळजवळ ९४ मीटर खाली झेपावते आणि पुढे जिच्यातून वाहते, ती दरी पिवळी, केशरी, तांबूस, पांढरी अशी आहे. ज्वालामुखीतून आलेला हा खडक, गरम पाण्याने आणि वाफेने युगानुयुगे शिजून मऊ झालेला. त्यातल्या लोहाला हवापाणी लागून हे रंग उमटले आहेत. हेडन यांनी नोंदवून ठेवले आहे, की हे रंग माणसाच्या कलेच्या आवाक्याबाहेरचे आहेत, अशी कबुली मोरानने तिथे दिली. तरी तो काठावर बसून राहिला. काही दिवस त्याने याच दरीभोवती काढले, इकडच्या टोकावरून, तिकडच्या टोकावरून पाहत. ऑगस्टमध्ये तो घराकडे परतलासुद्धा. म्हणजे ज्या जागेने त्याला नाव दिले, तिथे तो त्या खेपेला पुरता उन्हाळाही राहिलेला नाही.

इकडे पूर्वेला हालचाल सुरू झाली होती. ऑक्टोबरमध्ये कुकच्याच कचेरीतून हेडनना सूचना आली, की हा मुलूख सार्वजनिक उद्यान म्हणून राखून ठेवण्याची शिफारस करावी. १८६४ साली योसेमिटीची दरी अशीच राखली होती. पण ती कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केली होती. यलोस्टोनच्या भागात तेव्हा राज्यच नव्हते, सगळा केंद्राच्या ताब्यातला प्रदेश. त्यामुळे उद्यान करायचे तर ते राष्ट्राचेच करावे लागणार होते. ‘राष्ट्रीय उद्यान’ या आज जगभर पसरलेल्या कल्पनेच्या मुळाशी अशी ही कागदोपत्री अडचण आहे!

विधेयक डिसेंबर १८७१ मध्ये मांडले गेले. ज्यांनी मते द्यायची, त्यांनी ती जागा पाहिलेली नव्हती आणि पाहण्याची शक्यताही नव्हती. हेडन यांनी वॉशिंग्टनला दगडांचे नमुने, जॅक्सनची छायाचित्रे आणि मोरानची जलरंगातली चित्रे प्रतिनिधींच्या डोळ्यांपुढे ठेवली. माझ्या मते सारी खुबी या जोडीत आहे. नुसता मोरान असता, तर चितार्‍याला काय, रंग त्याच्या बापाचे, असे म्हणून लोक मोकळे झाले असते. नुसता जॅक्सन असता, तर करड्या दगडांची, करड्या पाण्याची चित्रे पाहून कोणाचा ऊर भरून आला नसता. छायाचित्राने सांगितले, की हे आहे. जलरंगाने सांगितले, की हे असे दिसते. एकाने दुसर्‍याची साक्ष काढली. जिम ब्रिजरच्या शब्दाला जे साधले नव्हते ते या कागदांना साधले. २७ फेब्रुवारी १८७२ रोजी प्रतिनिधिगृहात ११५ विरुद्ध ६५ मतांनी विधेयक संमत झाले आणि १ मार्चला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची सही झाली. वीस लाख एकरांहून मोठा मुलूख विक्रीतून आणि वसाहतीतून कायमचा वगळला गेला.

मोरानच्या भव्य तैलचित्राने काँग्रेसचे मन वळवले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. कायद्यावर सही झाली, तेव्हा ते चित्र अजून त्याच्या चित्रशाळेत ओले होते. सात फूट उंच आणि बारा फूट रुंद असे ते ‘यलोस्टोनची महादरी’ मे १८७२ मध्ये न्यूयॉर्कला लोकांपुढे आले आणि जूनमध्ये काँग्रेसने ते दहा हजार डॉलरना विकत घेऊन कॅपिटॉलच्या इमारतीत लावले. हेडनच्या अख्ख्या मोहिमेला सरकारने चाळीस हजार दिले होते, म्हणजे त्या किमतीचा अंदाज येईल. मोरानने आपल्या सहीत टी आणि एम या अक्षरांमध्ये यलोस्टोनचा वाय गुंफला, तो कायमचाच.

या चित्रापुढे उभे राहून ती जागा शोधायला निघाले, तर ती सापडत नाही. त्याने निरनिराळ्या जागांवरून दिसणारी दरी एकत्र आणली आहे. मात्र प्रत्येक खडक भूशास्त्रज्ञाला ओळखता यावा, असा त्याचा आग्रह होता. जागेची हुबेहूब नक्कल त्याला कवडीमोल वाटे. दगडाशी खोटेपणा मात्र तो करत नसे. टर्नरच्या मागावर हिंडलेला पोरगा इथे दिसतो. मला स्वतःला हे पटायला वेळ लागला. एखादी जागा वाचवण्यासाठी पुरावा म्हणून चित्र पुढे करायचे, आणि त्यात जागा सरकवायच्या, हे कसे? पण मग त्याचे छोटे कागद पाहावेत. काँग्रेसपुढे गेले ते कागद. भव्य चित्र नव्हे. ते दरीच्या काठावर बसून केलेले होते.

त्या मोठ्या चित्राच्या मध्यावर, खडकाच्या टोकाशी दोन चिमुकली माणसे उभी आहेत. त्यांतला एक तिथला आदिवासी. यलोस्टोन काही निर्मनुष्य नव्हते. टुकुडिका नावाचे लोक त्या डोंगरांत पिढ्यानपिढ्या राहत. मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांची ते शिकार करत आणि त्याच शिंगांची चिवट धनुष्ये बनवत. कायदा झाला, तो प्रवाशांसाठी आणि देखाव्यासाठी. १८७७ साली सैन्यापुढून पळणारी नेझ पर्स जमात आपल्या बायकापोरांसह याच उद्यानातून गेली आणि प्रवासी धास्तावले. १८७९ च्या सुमारास टुकुडिकांना तिथून बाहेर राखीव वस्त्यांवर पाठवण्यात आले. पुढे तर असेही पसरवले गेले, की आदिवासी कारंज्यांना भिऊन तिकडे फिरकतच नसत. मोरानने ही हकालपट्टी केली नाही, हे उघड आहे. पण त्याच्या चित्रांनी लोकांच्या मनात जी कोरी, अस्पर्श दरी उभी केली, तिच्यात या माणसांना घर नव्हते.

जनावरांचेही तेच. मोरान गवे रंगवणारा नव्हता. त्याला हवे होते दगड, पाणी आणि वाफ. कायदा करणार्‍यांनाही. पहिली पाच वर्षे उद्यानाला एक छदाम मिळाला नाही. पहिला अधीक्षक झाला तोच लेखवाला लँगफर्ड, बिनपगारी. कातड्यांसाठी आणि मांसासाठी उद्यानात सर्रास शिकार चाले. १८८६ साली लष्कराला पहार्‍यावर बोलावावे लागले, आणि शिकार्‍यांना शिक्षा करणारा कायदा १८९४ साली आला. तोवर फार उशीर झाला होता. १९०२ साली उद्यानातले रानगवे मोजले, ते जेमतेम दोन डझन भरले.

पुढच्या आयुष्याची हकीकत थोडक्यात सांगता येईल, कारण ते बरेचसे त्या एका उन्हाळ्याच्या व्याजावर चालले. १८७३ साली तो मेजर पॉवेल यांच्याबरोबर कोलोरॅडो नदीच्या महादरीवर गेला, आणि ते चित्रही काँग्रेसने दहा हजारांनाच घेतले. १८७६ साली त्याच्या जलरंगचित्रांचा रंगीत शिळाछापाचा संच निघाला. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून देवादिक ज्या तंत्राने आपल्या घरांच्या भिंतींवर आले, तेच हे तंत्र. टीटॉन पर्वतरांगेतल्या एका शिखराला हेडनच्या लोकांनी १८७२ साली माऊंट मोरान असे नाव दिले. त्या रांगेचे दर्शन खुद्द मोरानला १८७९ मध्ये, तेही पश्चिमेच्या बाजूने घडले. न पाहता यलोस्टोन रंगवणार्‍याची परतफेड नियतीने चांगली केली.

१८९२ साली, पंचावन्नाव्या वर्षी, तो जॅक्सनला बरोबर घेऊन पुन्हा यलोस्टोनला गेला. आता रेल्वे होती, हॉटेले होती, रस्ते होते. परतल्यावर त्याने तीच महादरी पुन्हा रंगवायला घेतली, पहिल्याहूनही मोठी, सुमारे आठ फूट उंच आणि चौदा फूट रुंद. ती १९०१ पर्यंत त्याच्या हाताखाली होती. मधल्या काळात, १८९९ साली, मेरी विषमज्वराने गेली. मुलगी रूथ त्याच दुखण्यातून उठली आणि आईला ते लागले. या दुसर्‍या चित्रात खडकाच्या टोकावर कोणी उभे नाही. हेडन नाही, तो आदिवासी नाही, घोडा नाही. नुसता धबधबा, वाफ आणि पिवळा दगड. का गाळली असतील त्याने माणसे? कलासमीक्षक याची निरनिराळी उत्तरे देतील. मला ते चित्र पाहताना दर वेळी आधी ती रिकामी जागाच दिसते.

१९१६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने राष्ट्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र खाते उभारले. बरोबर दहा वर्षांनी, ऑगस्ट १९२६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा येथे मोरान वारला. वय एकोणनव्वद. दाढी छातीवर रुळणारी, शुभ्र. शेवटच्या वर्षांपर्यंत तो रंगवत होता, आणि दरीवरचे ते छोटे कागद त्याने जपून ठेवले होते, कारण नवे चित्र सुरू करायचे तर त्याला परत त्यांच्याकडेच जावे लागे. त्यांतले काही आता खुद्द यलोस्टोनच्या संग्रहात आहेत. कुठे रंग अर्ध्यावर सोडलेला, कुठे नुसती रेघ, आणि जिथे ब्रश पोचला नाही तिथे पेन्सिलीने घाईघाईत लिहिलेले रंगाचे नाव.